बंदराची बटई

(तीर्थपुरी, जि. जालना येथील महिला मेळाव्यातील भाषण)

बायांनो, तीर्थपुरीत समुद्र नाही आणि ही बाई बंदरावर बोलतेय, म्हणून मागच्या मावश्या हसताहेत. हसा. पण 2015च्या डिसेंबरात जालन्याजवळ ड्राय पोर्टची कोनशिला बसली, तेव्हाच बंदर आपल्या जिल्ह्यात आलं.

बंदराचा कारभार तुम्हाला माझ्याहून चांगला कळेल. कसायला माणूस नसला की आपण रान ठोक्यानं देतो, नाहीतर बटईनं. मालकी आपली, कसणारा दुसरा. न्हावा-शेव्याचं सरकारी बंदर 1989 साली सुरू झालं. 1997 साली तिथली जागा पी अँड ओ या परदेशी कंपनीच्या गटाला 30 वर्षांसाठी दिली. धक्का बांधा, चालवा, मुदत संपली की परत करा. 2006 साली ती कंपनीच दुबईच्या डीपी वर्ल्डनं विकत घेतली. रान तेच, कसणारा बदलला. 2014च्या करारात सिंगापूरच्या पीएसएनं उत्पन्नाचा 35.79 टक्के वाटा कबूल केला, म्हणजे सरळ बटईच. अशा बंदराला 'लँडलॉर्ड पोर्ट' म्हणतात. जमीनदार बंदर! नाव तरी खरं ठेवलंय.

बटई वाईट, असं मी म्हणत नाही. पण त्या जागेवर आधी कोण होतं? 1984च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी लढताना पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात गेले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क त्या लढ्यातून आला. तोही जमीन नावावर असणाऱ्यांना. चिखलात उतरून निवट्या, कालवं, चिंबोऱ्या धरणाऱ्या कोळणीला चिखलाचा सातबारा कोण देणार? शेव्याच्या कोळी कुटुंबांना उरणच्या हनुमान कोळीवाड्यात हलवलं, तर तिथं घरांना वाळवी लागली.

मी स्वतः आठवडी बाजारात भाजी विकली आहे. बाजाराचा ठेका असतो हे ठाऊक होतं, पण ठेक्यात लिहिलंय काय, ते कधी विचारलं नव्हतं. एकदा पावती मागितली, तर वसुलीवाल्यानं टोपली उलटी केली. मग आम्ही अकराजणी कार्यालयात जाऊन बसलो आणि ठेक्याच्या अटींचा कागद मागून घेतला. दर त्यातच लिहिले होते. आमच्याकडून दुप्पट घेत होते.

जालन्याच्या जागेचंही तसंच करायचं. जागा कोणाला, किती वर्षांसाठी, कोणत्या अटींवर? हमालीत, झाडलोटीत, कॅन्टीनमध्ये बायांना काम असेल का, मजुरी काय, संडास कुठं? माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहून आणलाय. आधी वाचून दाखवते. वाचल्याशिवाय कोणी अंगठा करायचा नाही, माझ्या कागदावरसुद्धा.