टेबलावरचें यंत्र

रात्रीच्या गाडीनें निघालेला आपल्याकडील गृहस्थ बाकाखालच्या कडीस पेटीची साखळी अडकविल्याखेरीज डोळा मिटीत नाहीं. पेटींत बहुधा चार कपडे नि लाडवांचा डबा! तोच गृहस्थ दुसऱ्या दिवशीं कचेरींत पन्नास हजारांचा लॅपटॉप टेबलावर उघडा टाकून खुशाल चहाला जातो. कचेरींत सारीं आपलींच माणसें, अशी त्याची समजूत.

सप्टेंबर २००० मध्यें क्वालकॉम कंपनीचे प्रमुख आयर्विन जेकब्स कॅलिफोर्नियांत पत्रकारांपुढें व्याख्यान देऊन कांहीं मंडळींशीं बोलत उभे होते. तेवढ्यांत व्यासपीठाजवळचा त्यांचा लॅपटॉप नाहींसा झाला. यंत्राचा धनी त्याच दालनांत, तरीहि!

पुष्कळ लॅपटॉपांच्या कडेस सुमारें ७ मिलिमीटर लांब व ३ मिलिमीटर रुंद अशी फट असते. कित्येकांस ती हवेसाठीं वाटते. वस्तुतः ती कुलपासाठीं आहे. पोलादी दोरीचा फास टेबलास घालावयाचा व दुसऱ्या टोंकाचें कुलूप फटींत बसवावयाचें. किल्ली फिरतांच आंत गेलेलें डोकें आडवें होतें आणि बाहेर निघत नाहीं. मात्र फास टेबलाच्या मोकळ्या पायांत घातला, तर चोर टेबल बोटभर उचलून दोरीसकट यंत्र नेईल. तो चौकटीच्या आडव्या दांडींतून ओंवावा. हल्लींच्या कित्येक सडपातळ यंत्रांस ही फट नसते; तीं कपाटांतच कुलुपांत ठेवावीं, आणि कपाटाची किल्ली शेजारच्या उघड्या खणांत ठेवूं नये.

हें कुलूप अभेद्य आहे असें मी म्हणत नाहीं. मोठ्या कात्रीनें दोरी तुटते. २००४ मध्यें तर अमेरिकेंत सायकलींचीं गोल किल्लीचीं कुलुपें बॉलपेनाच्या प्लॅस्टिकच्या नळीनें उघडलेलीं लोकांनीं पाहिलीं. परंतु येतां-जातां हात मारणारास क्षणभरच सवड हवी असते. ती त्यास मिळूं नये, एवढ्यासाठीं हा खटाटोप. यंत्रांतील मजकूर संकेतबद्ध करणें हें काम निराळें, तेंहि केलेंच पाहिजे.

यंत्र गेलें कीं पहिला संशय कोणावर येतो, हें कचेरींत राबलेल्यांस सांगावयास नको. झाडणाऱ्या बाईची पिशवी फाटकाशीं उपडी केली जाते. साहेबांचें कुलूप खणांत वेष्टणासह पडलेलें असतें, त्याविषयीं कोणी विचारीत नाहीं.

आणखी एक. यंत्राच्या तळाशीं त्याचा क्रमांक असतो. तो आजच वहींत उतरून ठेवावा, त्याच यंत्रांत नव्हे. फिर्याद देतांना तो लागतो. आणि दैवयोगानें यंत्र सांपडलेंच, तर तें आपलें म्हणून ओळखण्यासहि तोच उपयोगीं पडतो.