विद्यापीठाचा संघ आणि त्याचा वारसा
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



विद्यापीठाचा क्रीडासंघ ही मोठी विलक्षण संस्था आहे. तिच्यात कोणीही तीन-चार वर्षांहून फार अधिक काळ राहत नाही. तरीही ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. मुंबई विद्यापीठाच्या क्रिकेट संघाची कथा या दृष्टीने चिंतनीय आहे, आणि चंडीगडला ती सर्वस्वी परकीही नाही.

आंतरविद्यापीठ क्रिकेट स्पर्धेचा प्रारंभ १९३५-३६ साली झाला. मुंबईच्या बारिया यांनी आपल्या पुत्राच्या स्मरणार्थ 'रोहिंटन बारिया' चषक दिला. आरंभीच्या विजेत्यांत लाहोरचे पंजाब विद्यापीठ होते. पुढे मुंबईने तो अनेकवार जिंकला.

मडगावला जन्मलेले दिलीप सरदेसाई १९५९-६०च्या स्पर्धेत ४३५ धावा काढून प्रकाशात आले. अजित वाडेकरांनी विद्यापीठासाठी एका डावात ३२४ धावा काढल्या होत्या. सुनील गावसकरांनी पुढे ३२७ धावा करून तो विक्रम मागे टाकला. १९७१ साली हे तिघेही एकत्र वेस्ट इंडीजला गेले. वाडेकर कर्णधार, सरदेसाईंच्या ६४२ आणि गावसकरांच्या ७७४ धावा; भारताने तेथे प्रथमच मालिका जिंकली. ज्येष्ठाने मोडण्याजोगा आकडा मागे ठेवावा आणि कनिष्ठाने तो आदराने मोडावा, हीच या संघाची परंपरा होय.

आता पंजाबकडे पाहू. १८८२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या इमारती, ग्रंथालय, मैदाने १९४७ साली लाहोरलाच राहिली. इकडच्या विद्यापीठाने सोलनला संसार थाटला आणि १९५६ साली ते चंडीगडला आले. जुन्या मैदानातील मूठभर मातीही ज्यांना आणता आली नाही, त्यांनी नव्या भूमीवर पुन्हा संघ उभे केले. सारे गमावल्यावरही खेळण्याची उमेद तेवढी सोबत आली होती.

आज खेळाडूंची निवड वयोगटांच्या स्पर्धांतून आणि व्यावसायिक लीगमधून होते. विद्यापीठीय सामन्यांना पूर्वीचे महत्त्व राहिलेले नाही, हे मान्य करावयास हवे. परंतु मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, आपल्या संस्थेच्या नावासाठी खेळण्याचे शिक्षण अन्यत्र सहसा मिळत नाही.

येथे जन्मलेली आपली मुले पंजाब विद्यापीठाकडून मुंबईविरुद्ध मैदानात उतरली, तर आपण टाळी कोणासाठी वाजवावी? हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात निराळ्या रूपांत वावरत असतो. माझे उत्तर असे की, निःसंकोचपणे आपल्या मुलांच्या संघासाठी वाजवावी. त्यायोगे मराठीपण उणावत नाही. मुंबईचा वारसा त्या शहराच्या नावात साठवलेला नाही. तो मागील पिढीच्या धावा मोजून पुढे जाण्याच्या सवयीत आहे. पंजाबचा वारसा नव्या जागी पुन्हा डाव मांडण्यात आहे. आपल्या मुलांच्या वाट्याला हे दोन्ही वारसे आले आहेत.

आपले मंडळही असाच एक संघ आहे. खेळाडू बदलले, पण पन्नास वर्षे डाव चालू आहे. पुढील फळीला आपण मैदान मोकळे करून द्यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.