डाव्या हाताची दांडी, उजव्या हाताचं रीळ

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातल्या 'आपले छंद' या कार्यक्रमात क्लब हाउसमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर.)



कमिटीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय निवडायची मोकळीकही दिली. नोटीस बोर्डावर "फ्लाय फिशिंगच्या रिळाची दिशा कशी बदलावी" असं वाचून लिफ्टमध्ये दोघातिघांनी मला विचारलं, अहो, हे आपल्या कार्यक्रमात कुठे बसतं? आपल्यातले निम्मे लोक शाकाहारी आहेत, त्यांना आधीच सांगतो, निश्चिंत राहा. या भाषणात एकही मासा कढईत जाणार नाही.

शिवाय आपण राहतो तो भागच मुळी दिशा बदलण्याचा आहे. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा खंडाळ्याखाली एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे थांबायची, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि गाडी उलट तोंडाने पुढचा चढ चढायची. १९२९ साली नवा मार्ग झाला तोवर हे चालू होतं. वळवणच्या धरणाचंही तसंच. ते पाणी इंद्रायणीच्या खोऱ्यातलं, म्हणजे पूर्वेकडे भीमेला जाणारं. टाटांनी ते नळांतून पश्चिमेला घाटाखाली खोपोलीला उतरवलं आणि १९१५ पासून त्यावर वीज होते आहे. डबे तेच, पाणी तेच, फक्त योग्य जागी एक गोष्ट फिरवली. रिळाचंही एवढंच आहे.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या बी विंगमधले एक काका तुम्हा सगळ्यांना माहीत आहेत. नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. नोकरीच्या काळात ते मुंबईला होते, पवईच्या तलावावर गळ टाकायला शिकले आणि निवृत्तीनंतर इथे आल्यावर रीतसर परवानगी काढून मावळातल्या पाण्यावर जाऊ लागले. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा आखडला. फिजिओथेरपी झाली, गरम शेक झाले, पण हात खांद्याच्या वर जाईना. फ्लाय फिशिंगमध्ये दांडी डोक्यावरून मागेपुढे फिरवून दोरी फेकावी लागते. त्यामुळे सगळं बंद. काकूंनी मला सांगितलं की दांडी आणि मुलाने बाहेरून पाठवलेलं रीळ कुणाला तरी देऊन टाकायचं चाललंय.

मी तळेगावच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तीस वर्षं काढली. एखादं मशीन माणसाला जमत नसेल तर आधी मशीनकडे बघायचं, ही सवय तिथली. मी काकांना विचारलं, "खांदा आखडलाय, पण मनगट आणि बोटं चालतात ना?" ते म्हणाले, "चालतात की, रोज चहा मीच करतो." मग सोपं होतं. दांडी डाव्या हातात घ्यायची आणि रीळ उजव्या हाताने फिरवायचं. रीळ फिरवायला खांदा वर न्यावा लागत नाही. अडचण एवढीच, की ते रीळ डाव्या हाताने गुंडाळण्यासाठी लावलेलं होतं. बाजारात येणारी बरीच रिळं तशीच लावलेली असतात, कारण बहुतेक लोक उजव्या हाताने दोरी फेकतात.

हे रीळ म्हणजे मांज्याच्या फिरकीसारखं, फक्त धातूचं आणि दांडीच्या खाली लटकणारं. त्याला दोन कामं असतात. आपण दोरी गुंडाळतो तेव्हा त्याने हलकं फिरायचं आणि मासा दोरी ओढतो तेव्हा अडवत अडवत, बेताबेताने दोरी सोडायची. त्या अडवण्याला ड्रॅग म्हणतात. थोडक्यात, एका दिशेला मोकळं आणि दुसऱ्या दिशेला ब्रेक. ही युक्ती तुमच्या घरात आहेच. सायकलचं फ्रीव्हील! पेडल पुढे मारलं की चाक ओढलं जातं, मागे मारलं की नुसतं टकटक वाजतं. सायकलवाले त्यातल्या छोट्या तुकड्यांना 'कुत्रे' म्हणतात. रिळातही तसेच कुत्रे असतात, किंवा त्याच कामाचं एकाच दिशेला धरणारं बेअरिंग असतं. दिशा बदलायची म्हणजे तो कुत्रा किंवा ते बेअरिंग उलटं करायचं. बाकी रिळाला हात लावायची गरज नसते.

आम्ही हे काम क्लब हाउसच्या टेबलावर केलं. क्रम सांगतो, कुणाला उपयोगी पडेल.

पहिलं, टेबलावर पांढरा टॉवेल आणि शेजारी स्टीलची थाळी ठेवा. छोटी स्प्रिंग उडाली तर फरशीवर सापडत नाही, टॉवेलवर सापडते. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कुठला वॉशर आधी आणि कुठला नंतर, हे डोक्यात ठेवायचं काम नाही. रिळाबरोबर पुस्तिका आली असेल तर ती आधी वाचा. काही रिळं सीलबंद असतात, ती पुस्तिकेत सांगितलंय तेवढीच उघडा.

दुसरं, मधला नट किंवा खटका सोडवून फिरकी बाहेर काढा. सहज निघाली पाहिजे. निघत नसेल तर पक्कड घेऊन जोर लावू नका, काहीतरी अजून सोडवायचं राहिलंय असं समजा.

तिसरं, आत काय आहे ते बघा. जुन्या पद्धतीच्या टकटक वाजणाऱ्या रिळात दोन कुत्रे दिसतात, एक दातांत गुंतलेला आणि एक मोकळा. गुंतलेला सोडवायचा आणि मोकळा गुंतवायचा. काही रिळांत एकच कुत्रा असतो, तो उचलून पालथा घालायचा. नव्या पद्धतीच्या रिळात मधल्या दांड्यावर बांगडीसारखं छोटं बेअरिंग असतं. कधी ते बोटांनी निघतं, कधी त्याला एक क्लिप किंवा स्क्रू असतो. ते काढून उलटं बसवायचं. काकांचं रीळ या प्रकारचं होतं. त्या बेअरिंगला घट्ट ग्रीस फासू नका, आतले रोलर घसरायला लागतात आणि ब्रेक लागेनासा होतो. ड्रॅगच्या चकत्यांवर तर तेलाचा थेंबही सोडू नका, कंपनीने सांगितलं असेल तरच.

चौथं, दोरी बांधण्याआधी तपासा. मुठीच्या बाजूने रिळाकडे बघा. उजव्या हाताने गुंडाळायचं असेल तर फिरकी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोकळी फिरली पाहिजे आणि उलट दिशेला जड लागली पाहिजे. डाव्या हातासाठी याच्या बरोबर उलट. काही रिळांना दोरी घासू नये म्हणून एका बाजूला धातूची पट्टी असते, तीही दुसऱ्या बाजूला लावावी लागते.

पाचवं, आणि इथेच बहुतेक लोक थांबतात, ते म्हणजे दोरी. जुन्या दिशेने गुंडाळलेली दोरी नव्या दिशेला चालत नाही. सगळी काढून पुन्हा गुंडाळावी लागते. फ्लायची जाड दोरी साधारण २७ मीटर असते आणि तिच्यामागे बारीक दोरी आणखी शंभर मीटरच्या आसपास. ती तात्पुरती दुसऱ्या रिळावर किंवा काठीवर गुंडाळली तरी चालते, परत गुंडाळताना टोकं पुन्हा जागेवर येतात. जाड दोरीचं निमुळतं टोक बाहेरच राहिलं पाहिजे. आम्ही ती सरळ बागेतल्या वॉकिंग ट्रॅकवर ओढत नेली. वॉचमनदादांनी एक टोक धरलं, मुलांनी मध्ये मध्ये उचलून धरली, सहाच्या बॅचच्या काकवा पाच मिनिटं बाकावर बसल्या. बारीक दोरी शेवटी सुटली, तीच पुन्हा आधी बांधली आणि ओल्या फडक्यातून ताण देत सगळी गुंडाळली. ढिली गुंडाळली तर वरचे वेढे आत रुततात आणि ऐनवेळी दोरी अडकते.

काम पाऊण तासाचं. खर्च शून्य.

आता कुणी म्हणेल, एवढी तपासणी कशाला? मासा सुटला तर सुटला. पण दिशा अर्धवट बदलली तर नुकसान आपलं नसतं, माशाचं असतं. समजा, बेअरिंग उलटं केलं नाही आणि दोरी मात्र उलट गुंडाळली. मग गुंडाळताना ब्रेक लागतो आणि मासा ओढतो तेव्हा फिरकी मोकाट सुटते. दोरीचा गुंता होतो, झटका बसतो, दोरी तुटते. तोंडात गळ आणि मागे दोरीचा लांब तुकडा घेऊन मासा निघून जातो. ती दोरी खडकात, झाडाच्या मुळात अडकली की तो तिथेच तडफडून मरतो. आणि नीट रीळ असेल तर मासा दमून अर्धमेला व्हायच्या आत काठाशी आणता येतो, ओल्या हाताने गळ काढून पाण्यातच सोडता येतो.

आपल्याकडे हा प्रश्न महशीरचा आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली ज्याचं शास्त्रीय वर्णन केलं तो 'टॉर खुद्री', निळसर परांचा महशीर, आपल्याच मुळा-मुठेतला. पुढे धरणं, प्रदूषण आणि सुरुंग लावून केलेली मासेमारी यांनी तो कमी कमी होत गेला. लोणावळ्यात वळवणला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची पैदास होते. एके काळी संकटग्रस्त यादीत असलेला हा मासा आता कमी चिंतेच्या वर्गात आला आहे. पण त्याला दुसरीही बाजू आहे. इथली पिल्लं कावेरीत सोडली गेली तेव्हा ती तिथे फोफावली आणि कावेरीचा स्वतःचा कुबड असलेला महशीर मागे पडला. तो २०१८ साली अतिसंकटग्रस्त ठरला. म्हणून नियम साधा. मासा जिथला, तिथेच सोडायचा. हौसेने सोसायटीच्या तळ्यात किंवा गावच्या विहिरीत आणून सोडायचा नाही. आणि परवानगीशिवाय कुठल्याच धरणावर गळ टाकायचा नाही. टाटांचे तलाव त्यांच्या ताब्यात आहेत, आणि इतर धरणांवर मासेमारीचा हक्क बहुधा एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो. ते त्यांचं पोट आहे, आपला छंद आहे.

रीळ तयार झालं तरी डावा हात तयार व्हायचा होता. काकांनी तीन महिने रोज सकाळी लॉनवर सराव केला. गळाऐवजी दोरीला लाल लोकरीचा तुकडा बांधायचे. पहिल्या आठवड्यात लोकर जास्वंदीतच जास्त अडकायची. मुलं मोजायची, "काका, आज चौदा!" हळूहळू आकडा खाली आला. आता दोरी सरळ जाते. अगदी पूर्वीइतकी लांब नाही, पण काका म्हणतात, मासे काठाजवळही असतात, इतकी वर्षं मीच उगाच लांब फेकत होतो.

मंडळी, हे सगळं सांगायचं कारण असं. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा चौथा मजलाही चढून जायचो. आता बऱ्याच जणांचं काहीतरी दुखतंय. कुणाचा गुडघा, कुणाचं मनगट, कुणाचा खांदा. आपण पटकन म्हणतो, "आता माझ्याच्याने होत नाही," आणि वस्तू माळ्यावर टाकतो नाहीतर भंगारवाल्याला देतो. त्याआधी एकदा ती वस्तू उघडून बघा. बनवणाऱ्याने कदाचित तुमची सोय करूनही ठेवली असेल. बऱ्याच फ्रिजचं दार बिजागरी बदलून दुसऱ्या बाजूला उघडता येतं. सगळंच उलटं होतं असं नाही. शिलाई मशीनचं चाक उलटं फिरवलं तर दोरा तुटतो. सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते उजवीकडे बसणारच नाही. कात्रीला डावखुरीच कात्री लागते. घरात डावखुरं नातवंड असेल तर ती आणून द्या, त्याचा हात बदलायला लावू नका. काय फिरतं आणि काय फिरत नाही, एवढं बघायला पाऊण तास पुरतो.

दर रविवारी सकाळी अकरा ते एक मी क्लब हाउसमध्ये बसतो. पांढरा टॉवेल, थाळी आणि स्क्रू ड्रायव्हरचा सेट माझा. वस्तू तुमची. येताना वॉशर हरवू नका एवढंच.