नाणं घासू नका

श्रोतेहो, पंचगंगेकाठची ब्रह्मपुरी टेकडी तुमच्या रोजच्या पाहण्यातली. १९४५-४६ साली सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं, हेही तुम्हाला ठाऊक आहे. तिथं मिळालेला ब्राँझचा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, कोल्हापूरच्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात सगळे कौतुकानं बघतात. बघावाच. पण मला आज बोलायचंय ते आपल्या कुर राजांच्या शिशाच्या आणि पोटीन या मिश्रधातूच्या नाण्यांबद्दल. आणि पहिलं सांगणं हेच, की असं नाणं हाती आलं तर घासू नका.

का, ते ऐका. वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर आणि गोतमीपुत विळिवायकुर हे तीन राजे. त्यांची बखर नाही, वंशावळ नाही. एका बाजूला डोंगर आणि झाड, दुसऱ्या बाजूला धनुष्यबाण आणि भोवती ब्राह्मी अक्षरांत राजाचं नाव, एवढंच हाती आहे. मग आधी कोण, नंतर कोण?

आपल्या घरची वाकळ आठवा. वरचं लुगडं आईचं. टाका उसवला की खालचं आजीचं दिसतं, त्याखाली पणजीचं. कुणाचं आधीचं, हे थरच सांगतात. या राजांनी तेच केलं. जुनं नाणं वितळवायचं सोडून त्याच्यावरच आपला छाप मारला. सिवलकुराच्या छापाखाली वासिठीपुताची अक्षरं डोकावतात. गोतमीपुताच्या छापाखाली त्या दोघांचीही. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात हे थर वाचले आणि तीन राजांचा क्रम लागला. वाकळ स्वच्छ करायची म्हणून कुणी दगडावर आपटून तिच्या चिंध्या केल्या, तर पणजीचं लुगडं ओळखणार कसं?

दुसऱ्या शतकात दूर अलेक्झांड्रियात टॉलेमीनं ग्रीक भाषेत भूगोल लिहिला. त्यातला हिप्पोकूराचा राजा बालेओकूरोस म्हणजे आपला विळिवायकुर, असं अनेक अभ्यासक मानतात. एवढ्या लांब पोहोचलेलं नाव आपण चिंच लावून पुसून टाकायचं? शिसं मऊ असतं हो, नखानंसुद्धा ओरखडा उठतो. चिंच आणि राख लावून घासलंत, की खालचा पुसट छाप गेलाच. नाणं चकाकेल, पण मुकं होईल.

नांगरताना, पाया खणताना नाणी मिळाली तर जशी आहेत तशी कागदात ठेवा. जागा लिहून ठेवा. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. भंगारात घालू नका, मुलांना खेळायला देऊ नका.

या राजांचं सातवाहनांशी नातं काय, यावर मोठा वाद आहे, तो सांगायचा होता... पण समोर वेळ संपल्याची खूण झाली. तेव्हा शेवटचं पुन्हा सांगतो, शेजाऱ्यालाही सांगा: माती लागलेली राहू दे, पण नाणं घासू नका.