अकरावा अंक

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



भुसावळला मालगाडी उभी दिसली तर तिच्या वाघिणीवर रंगवलेला क्रमांक मुलांनी मोजून पाहावा. अंक अकरा असतात. पहिले दोन वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष, मग चार अंकी अनुक्रम. झाले दहा. अकरावा अंक वाघिणीबद्दल काहीच सांगत नाही. तो पहारेकरी आहे.

मनाने एक क्रमांक घेऊ : २२०११२३४५७. सम स्थानांवरचे अंक २, १, २, ४, ७. बेरीज १६, तिची तिप्पट ४८. विषम स्थानांवरचे २, ०, १, ३, ५, बेरीज ११. एकूण ५९. साठाला एक कमी, म्हणून अकरावा अंक १. आता कोणी ४ च्या जागी ९ लिहिला तर एकूण ७४ होतात आणि शेवटी ६ हवा असतो, चोर सापडला. ३ आणि ४ उलटसुलट झाले तर ५७ येतात, तेही पकडले जाते. तिप्पट याचसाठी, कारण नुसत्या बेरजेला अंकांची अदलाबदल कळत नाही. तरीही १ आणि ६ असे पाचाचा फरक असलेले शेजारी अंक बदलले तर बेरीज बरोबर दहाने सरकते आणि पहारेकरी फसतो.

ही फट बुजवणारी रीत याकोबस व्हरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडली. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या खानदेशातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले. त्या बारा अंकांतला शेवटचा अंक याच रीतीने काढलेला असतो. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटले, तर तो हमखास सांगतो.

पण चूक आहे हे सांगणे वेगळे आणि बरोबर काय ते सांगणे वेगळे. तरावीहमध्ये हाफिजसाहेब अडखळले की मागे उभा असलेला दुसरा हाफिज लुकमा देतो. त्याला संपूर्ण पाठ असते, म्हणून तो नुसता थांबवत नाही, नेमका शब्द पुरवतो. यंत्राला एवढे ज्ञान कोठून यावे? अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग यांचे गणित सुटीच्या दिवशी यंत्र चूक ओळखून अर्धवट सोडून देई. चूक कळते तर दुरुस्त का होऊ नये, या त्राग्यातून त्यांची रीत जन्मली. १९५० मध्ये ती प्रसिद्ध झाली. चार खुणांबरोबर तीन जादा खुणा अशा बेताने पाठवायच्या की सातांपैकी कोणती एक बिघडली ते त्या तिघींवरून कळावे. खुणा शून्य आणि एक या दोनच, म्हणून बिघडलेली जागा कळली की दुरुस्ती झालीच. केळीच्या गाडीवर टांगलेला क्यूआर कोड मळला, कोपरा फाटला तरी पैसे पोचतात, तेही याच कुळातल्या गणिताने. सर्वांत भक्कम प्रकारात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचन होते.

आता पालकांनी लक्ष द्यावे. नावाला अकरावा अंक नसतो. आपली नावे उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जातात. एका भावाच्या दाखल्यावर शेख, दुसऱ्याच्या शेक. कोठे मोहम्मद, कोठे महंमद, कोठे नुसते मो. संगणकाच्या दृष्टीने ही वेगवेगळी माणसे. आधार क्रमांक अचूक असूनही शिष्यवृत्तीचा अर्ज नावापाशी अडतो. एकदा जनरल रजिस्टरात चढलेले नाव बदलायचे तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीपर्यंत जावे लागते आणि बापाची मजुरी बुडते ती निराळीच.

म्हणून संस्थेपुढे एक सूचना ठेवतो. जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर दोघे बसावेत. एकाने रजिस्टरात लिहिलेले नाव इंग्रजी अक्षरांसह एकेक अक्षर मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने जन्मदाखला हातात धरून ताडावे; मग पालकांची सही घ्यावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी घरातले शिकलेले पोर, मुलगी असली तरी, बरोबर आणावे. दर विद्यार्थ्यामागे पाच मिनिटे जातील.