पहिला छोटा ट्रॅक्टर: आधी हप्ता मोजा, मग एचपी
(कोरमंगला, बेंगळुरू येथे मराठी खातेदारांसमोर केलेले भाषण)

इथे बसलेल्यांपैकी बरेच जण नोकरी करतात कोरमंगलात आणि सातबारा आहे सांगली, कोल्हापूर, सोलापूर नाहीतर निपाणी-चिकोडीकडे. पगार इथल्या खात्यात जमा होतो आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यातला काही भाग गावी जातो. मग एके दिवशी भावाचा फोन येतो. "दादा, छोटा ट्रॅक्टर घेऊया. शेजाऱ्यानं घेतला."

मलाही असा फोन आला होता. माझा धाकटा भाऊ तासगाव तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग करतो. मी उत्साहाच्या भरात मुदत ठेव मोडायला निघालो होतो. नशिबाने त्या दिवशी ती मोडली नाही. आज तुमच्याशी बोलायचं आहे ते त्या वेळी शिकलेल्या हिशोबाबद्दल, कारण शहरातला भाऊ पैसे देतो आणि गावातला भाऊ ट्रॅक्टर चालवतो, पण कागद दोघांनीही वाचलेला नसतो.

सगळ्यात आधी एक प्रश्न. तुमच्या रानात ट्रॅक्टर वर्षाला किती तास चालेल? दिवस नव्हे, तास. गावी फोन करून भावाला वहीत लिहायला सांगा. तीन एकर सोयाबीन आणि ज्वारी असेल, तर नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी मिळून वीस तासांच्या पुढे काम फारसं जात नाही. तीच तीन एकर द्राक्षबाग असेल तर फवारण्याच इतक्या होतात की तास शंभराच्या घरात पोचतात. क्षेत्र सारखंच, पण उत्तर अगदी वेगळं. "तीन एकराला ट्रॅक्टर परवडतो का" या प्रश्नाला म्हणूनच अर्थ नाही. पीक कोणतं ते आधी सांगा.

आता आकडे मांडू. हे आकडे हिशोब समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि फवारणीचा ब्लोअर मिळून ७,५०,००० रुपये धरा. त्यात स्वतःचे २,५०,००० आणि कर्ज ५,००,०००. व्याज ९ टक्के, मुदत पाच वर्षं, हप्ता सहा महिन्यांनी. व्याज घटत्या शिल्लकेवर असेल तर हप्ता येतो सुमारे ६३,१९०, म्हणजे वर्षाला १,२६,३८०. विमा, ऑइल, सर्व्हिसिंग यांचे २०,००० धरा. आणि ठेवीतून काढलेल्या अडीच लाखांवर साडेसहा टक्के व्याज मिळत होतं, ते बुडालं, १६,२५०. हा आकडा कुणी मोजत नाही, पण तुम्ही बचत करणारी माणसं आहात, तुम्ही मोजा. एकूण १,६२,६३०.

शंभर तासांनी भागलं तर तासाला १,६२६ रुपये. वीस तासांनी भागलं तर ८,१३०. डिझेल वेगळं, आणि चालवणाऱ्या भावाची मजुरी तर धरलीच नाही. भाड्याचा ट्रॅक्टर तासाला हजार-बाराशेला डिझेल आणि ड्रायव्हरसकट येत असेल, तर वीस तासवाल्याने आजच निर्णय करून टाकावा. त्याने भाड्याने काम करून घ्यावं. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी अवजारे बँका आहेत, कर्नाटकात सरकारची कृषी यंत्रधारे केंद्रं आहेत. निपाणी-चिकोडीच्या मंडळींनी तिथले दर आधी विचारावेत. पाच वर्षांनी हप्ता संपतो आणि ट्रॅक्टर उरतो, हे मला मान्य आहे. पण वीस तासांच्या कामासाठी तो उरलेला ट्रॅक्टरही वर्षभर शेडमध्येच उभा राहणार.

शंभर तासवाल्याचं मात्र वेगळं. कागदावर त्यालाही भाडंच स्वस्त पडतं. तरी मी माझ्या भावाला हो म्हटलं. कारण सांगतो. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत पाऊस पडला की डाऊनी, म्हणजे केवडा, वाट बघत नाही. फवारा त्याच दिवशी, जमलं तर त्याच दुपारी मारावा लागतो. भाड्याने देणारा माणूस कितीही भला असला तरी आधी स्वतःची बाग फवारतो, मग मोठ्या गिऱ्हाईकाची, आणि आपला नंबर येतो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. त्या एका उशिरात आमचे एका वर्षी अर्ध्या एकराचे घड गेले होते. तासाला सहाशे रुपये जास्त देऊन आम्ही काय विकत घेतलं, तर तो एक दिवस. असं कारण तुमच्याकडे आहे का ते बघा. "शेजाऱ्यानं घेतला" हे कारण नाही.

आता खरेदीकडे येऊ. छोटे ट्रॅक्टर साधारण ११ ते ३० एचपीमध्ये मिळतात. महिंद्राचा युवराज २१५ आणि स्वराज ७१७ हे १५ एचपीचे, कुबोटाचा निओस्टार ए२११एन २१ एचपीचा, महिंद्राचा जीवो २४५ हा २४ एचपीचा. आपल्या बेंगळुरूचीच व्हीएसटी ही कंपनी १९६७ पासून आहे. पॉवर टिलरसाठी तिचं नाव आहे आणि छोटे ट्रॅक्टरही ती करते. यातला कोणता घ्या हे मी सांगणार नाही. फक्त जाहिरातीतला एचपी इंजिनाचा असतो, आणि ब्लोअर फिरतो पीटीओवर, हे लक्षात ठेवा. पीटीओला मिळणारी ताकद नेहमी कमी असते. ती खरी किती, तासाला डिझेल किती, मागची लिफ्ट किती वजन उचलते, हे मध्य प्रदेशात बुदनी इथली केंद्र सरकारची संस्था चाचणी घेऊन अहवालात छापते. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा. "साहेब, गाडी एकदम दमदार आहे" हा काही अहवाल नव्हे. नोव्हेंबरात इथे जीकेव्हीकेत कृषी मेळा भरतो, तिथे ही यंत्रं एका जागी बघायला मिळतात. रविवारी मॉलमध्ये जाण्याऐवजी तिकडे जा, पार्किंगचे पैसेही वाचतील.

एक चूक मात्र सांगायलाच हवी, कारण ती आम्ही केली. ओळीची रुंदी आम्ही एप्रिल छाटणीनंतर मोजली. तेव्हा बाग उघडी असते, दोन ओळींमधून बैलगाडीसुद्धा जाईल असं वाटतं. जानेवारीत घड लोंबले, काड्या वाढल्या, आणि आम्ही पसंत केलेला नमुना ट्रॅक्टर डेमोला आत गेला तेव्हा त्याच्या मडगार्डने दोन्ही बाजूंचे घड घासले. उभा सायलेन्सर वरच्या पानांना भाजत गेला. भावाने तिथेच चावी काढून घेतली. तेव्हा टेप घेऊन मोजा ते बाग भरलेली असताना: रुंदी, वाय अँगलखालची उंची, आणि ओळीच्या टोकाला शेवटचा खांब आणि ताण यांच्यापुढे वळायला उरणारी जागा. बागेसाठीच्या मॉडेलमध्ये सायलेन्सर खालून काढलेला असतो, तो विचारून घ्या. काळ्या रानात पावसानंतर शिरायचं असेल तर फोर व्हील ड्राइव्हचे जास्तीचे पैसे वाया जात नाहीत. माळरानाला त्याची तेवढी गरज नाही. आणि मेकॅनिक किती किलोमीटरवर आहे, फवारणीच्या हंगामात किती तासांत येतो, हे दुकानात विचारू नका. ज्याने तीन वर्षांपूर्वी तोच ट्रॅक्टर घेतला त्याला विचारा.

कर्जाच्या कागदावर या. दुकानात आम्हाला "फक्त ९ टक्के" असं सांगून एक चिठ्ठी दिली गेली. हप्ता ७२,५००. मी मघाशी ६३,१९० म्हटलं, दरही ९ टक्केच. मग फरक कुठून आला? चिठ्ठीतलं व्याज सरळ होतं, म्हणजे फ्लॅट. पाच लाखांवर पाचही वर्षं पूर्ण व्याज, जणू मुद्दल कधी फिटलंच नाही. असं व्याज होतं २,२५,०००. घटत्या शिल्लकेवर होतं सुमारे १,३१,९००. फरक ९३,१०० रुपयांचा. त्या सरळ ९ टक्क्यांचा खरा दर पंधरा टक्क्यांच्या घरात जातो. म्हणून दर विचारू नका, एकूण परतफेड किती ते लिहून घ्या, आणि दोन बँकांच्या कागदांशेजारी ठेवून बघा. प्रक्रिया शुल्क आणि विमा त्यात धरलाय का तेही विचारा. हप्ता सहामाही घ्या, द्राक्षाचे पैसे हातात येतात त्या महिन्यानंतरचा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पाच लाखांच्या मूळ किमतीवर हा फरक ३५,००० रुपयांचा. कोटेशनवर करापूर्वीची किंमत आणि कर वेगळे लिहिलेले हवेत.

अनुदानाचं सांगतो. महाराष्ट्रात अर्ज महाडीबीटीवर करायचा. निवड झाली, पूर्वसंमतीचं पत्र मिळालं, की मगच खरेदी करायची. आधी ट्रॅक्टर दारात उभा करून मग अर्ज करणाऱ्याला काही मिळत नाही. आणि पैसे खरेदीनंतर, तपासणी झाल्यावर, ज्याच्या नावे जमीन आणि अर्ज आहे त्याच्या खात्यात येतात. म्हणून अनुदानाची रक्कम स्वतःच्या भरण्यात धरू नका. येईल तेव्हा ती कर्जखात्यात भरा.

आता तुमच्या सहीचा प्रश्न. जमीन भावाच्या किंवा वडिलांच्या नावे, पण पगार तुमचा, म्हणून बँक तुम्हाला सहकर्जदार किंवा जामीनदार करते. मी सही केली. एका वर्षी व्यापाऱ्याने द्राक्षाचे पैसे अडवले, हप्ता दोन महिने लांबला. भावाने मला सांगितलंच नाही, त्याला लाज वाटली असणार. मला कळलं ते मी इथे घराच्या कर्जासाठी अर्ज केला तेव्हा. सिबिलमध्ये ती उशिराची नोंद माझ्याही नावावर होती. त्यावर मी भावाशी भांडलो नाही. कर्जखात्याच्या संदेशासाठी माझा मोबाईल नंबरही बँकेत नोंदवून घेतला. ज्या मंडळींनी आधीच सह्या केल्यात त्यांनी हे उद्याच करावं. बँक जमीन तारण मागत असेल तर सातबाऱ्यावर बोजा चढतो, ते घरातल्या सगळ्यांना, आईलासुद्धा, आधी सांगा.

जुना ट्रॅक्टर घ्यायचा असेल तर आरसी बुकावर आधीच्या बँकेचा बोजा उतरलाय का ते पाहा. तास दाखवणाऱ्या मीटरवर जाऊ नका, क्लच आणि पायांखालची पट्टी किती झिजली ते बघा.

आणि शेवटी, खरेदीच्या आधीचे सहा महिने. ट्रॅक्टर न घेता हप्ता भरायला सुरुवात करा. महिन्याला १०,५०० ची आवर्ती ठेव उघडा, सहा महिन्यांची. घरभाडं, मुलांची फी, गावचा नेहमीचा पैसा हे सगळं सांभाळून ती सहा महिने न चुकता भरता आली, तर ६३,००० आणि वर थोडं व्याज हातात येतं. तो तुमचा पहिला हप्ता, द्राक्ष बुडालं तरी भरता येणारा. तिसऱ्या महिन्यातच ती ठेव तुटली, तर भावाला फोन करा आणि यंदा भाड्याचाच ब्लोअर सांगून ठेव म्हणा, छाटणीच्या आधी, म्हणजे नंबर तरी वर लागेल.

आता कुणाकडे कोटेशन असेल तर आणा इकडे, मिळून वाचू.