उणीव आधी, डबा नंतर
(नरसी नामदेव येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



नामदेवरायांच्या जन्मगावी, समोरच्या कितीतरी गळ्यांत तुळशीची माळ दिसत असताना, बियरच्या कारखान्यातून निघणाऱ्या यीस्टवर बोलायचं म्हणजे धाडसच. (हशा) पण हे ब्रुअर्स यीस्ट आता गोळ्यांच्या बाटलीतून, पावडरीच्या डब्यातून आणि मोबाइलवरच्या जाहिरातींतून आपल्या घरापर्यंत आलंय. थकवा जातो म्हणतात, केस गळायचे थांबतात म्हणतात, साखर उतरते, बाळंतिणीला दूध येतं. एका डब्यात एवढे गुण म्हटल्यावर कुणीही विचारणारच, की घ्यावं का हे?

उत्तर आधीच सांगून टाकतो. यीस्टनं माणसांचे जीव वाचवलेत, आणि त्यातला एक मोठा अध्याय आपल्या मुंबईत घडलाय. पण त्याचा खरा गुण आला तो ज्याच्या अंगात काही उणं होतं त्याला. उणं काय आहे हे न पाहता डबा उघडला, तर पैसे जातात आणि कधी कधी दुखणंही लपून राहतं.

यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. पाव फुगवते ती आणि बियर आंबवते ती, दोन्ही एकाच कुळातल्या. बियर तयार झाली की टाकीच्या तळाशी हिचा साका उरतो. तो धुऊन, कडवटपणा काढून, तापवून वाळवला की ब्रुअर्स यीस्ट तयार. वाळलेल्या वजनात जवळपास निम्मं प्रथिन, शिवाय थायमिन, रायबोफ्लेविन, नायसिन, फोलेट अशी ब गटातली जीवनसत्त्वं आणि थोडं क्रोमियम. या यादीत एक नाव नाही, ते म्हणजे बी-12. ते लक्षात ठेवा, त्याकडे पुन्हा यायचंय.

आता मुंबईची गोष्ट. 1928 साली लंडनच्या डॉ. लूसी विल्स मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात एक विचित्र पंडुरोग होत होता. चेहरा पांढराफटक, पायांवर सूज, चार पायऱ्या चढल्या की धाप. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत, पण संख्येनं फार कमी. बाळंतपणात अशा बायका दगावत. लोहाची कमतरता असली तर पेशी लहान होतात. इथं उलटं होतं.

विल्सबाईंनी हातात औषध घेण्याआधी या बायकांच्या ताटात डोकावून पाहिलं. कोणत्या घरात काय शिजतं, भाजी किती, दूध किती, याची पाहणी केली. मग तसाच निकस आहार आधी उंदरांना आणि नंतर माकडांना दिला, तेव्हा त्यांनाही पंडुरोग जडला. अशा आजारी माकडाला त्यांनी मार्माइट चारलं. मार्माइट म्हणजे बियरच्या उरलेल्या यीस्टचा काळा, खारट, चिकट अर्क. इंग्लंडात तो पावाला लावून खातात. माकड सुधारलं. मग तोच अर्क आजारी बायकांना दिला. थोड्याच दिवसांत रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागल्या, भूक लागली, अंगात त्राण आलं. 1931 साली हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलं.

यीस्टमध्ये असं काय होतं, हे तेव्हा कळलेलं नव्हतं. लोक त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. 1941 मध्ये अमेरिकेत टेक्ससच्या संशोधकांनी चार टन पालक गाळून एक द्रव्य वेगळं केलं आणि त्याला फोलिक आम्ल असं नाव दिलं. 1945 मध्ये लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झालं. त्या चमूचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. यीस्टमधला तो गुण अखेर याच द्रव्याचा निघाला.

आशाताई गरोदर बाईच्या हातावर जी लाल गोळी ठेवते, तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असतं. परळमधल्या त्या कामाचं सार त्या गोळीत आहे, आणि ती गोळी फुकट मिळते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के भारतीय स्त्रियांचं रक्त कमी आढळलं. अशा देशात ती गोळी फडताळात पडून राहावी आणि घरात यीस्टचा महागडा डबा यावा, याला काय म्हणायचं?

लेकीसुनांसाठी आणखी एक. फोलिक आम्लाची सगळ्यात जास्त गरज दिवस राहिल्यावरच्या पहिल्या महिन्यात असते. बाळाच्या मणक्याची आणि मेंदूची नळी साधारण अठ्ठाविसाव्या दिवशी मिटते, म्हणजे पुष्कळदा बाईला दिवस गेल्याचं कळायच्या आधीच. 1991 मधल्या एका मोठ्या चाचणीत असं दिसलं, की आधीच्या बाळात ही नळी नीट न मिटण्याचं व्यंग असलेल्या आयांना वेळेवर फोलिक आम्ल दिलं, तर पुन्हा तसं होण्याचा धोका 72 टक्क्यांनी उतरतो. म्हणून मूल हवंय असं ठरलं की तेव्हाच डॉक्टरांशी बोलावं.

आपल्या भागाशी जोडलेलं दुसरं प्रकरण पेलाग्राचं. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून खपल्या धरते, जुलाब लागतात, पुढं डोकं फिरतं. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गरिबांत हा रोग होता. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी तो संसर्गाचा नसून आहाराचा आहे हे दाखवलं, आणि 1927 च्या मिसिसिपीच्या महापुरानंतर तिथं ब्रुअर्स यीस्ट वाटण्यात आलं. आपल्या दख्खनमध्ये हाच रोग नुसत्या ज्वारीवर भागवणाऱ्यांत दिसे. हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी त्यावर 1960 च्या सुमारास काम केलं आणि ज्वारीतल्या ल्यूसिन या घटकाकडे बोट दाखवलं. पुढं त्यावर वादही झाला. पण ज्वारीला दोष देऊ नका. भाकरीसोबत वरण, शेंगदाणे, ताक, पालेभाजी असली की हा रोग फिरकत नाही. परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठानं 2018 मध्ये ‘परभणी शक्ती’ हे जादा लोह आणि जस्ताचं ज्वारीचं वाण दिलंय. उणीव ताटातूनच भरून काढायची ती वाट आहे.

आता जाहिरातींकडे वळू.

साखरेचं म्हणाल, तर 1950 च्या दशकात यीस्टनं उंदरांची साखर पचवण्याची ताकद सुधारल्याचं दिसलं आणि त्याचं श्रेय क्रोमियमला दिलं गेलं. माणसांवरच्या चाचण्या मात्र लहान, आणि निकाल एकमेकांशी न जुळणारे. काहींत साखर थोडी उतरली, काहींत नाही. त्यामुळं मधुमेहाची गोळी बंद करून यीस्ट घेणं हा शुद्ध वेडेपणा. गोळीच्या जोडीला घ्यायचं तरी डॉक्टरांच्या कानावर घालावं, कारण साखर नको तितकी खाली गेली तर चक्कर येऊन पडायला होतं.

बाळंतिणीच्या दुधाबद्दल भक्कम पुरावा नाही. बाळाला वारंवार अंगावर घेणं हाच दूध वाढवण्याचा खरा उपाय. अळिवाचे लाडू जरूर द्या, त्यात लोहही आहे.

केस आणि थकवा यांचं उत्तर एकच, आधी कारण शोधा. थायरॉइड, रक्त कमी असणं, बी-12 ची कमतरता, झोप न होणं, यातलं काहीही असू शकतं.

काहींनी तर यीस्टपासून लांबच राहावं. युरिक ॲसिड वाढून सांधे सुजणाऱ्यांना यातली प्यूरिनं त्रास देतात. यीस्टच्या अर्कात टायरामिन असतं; नैराश्यावरच्या काही जुन्या गोळ्या किंवा क्षयाच्या हट्टी प्रकारावर दिलं जाणारं लिनेझोलिड चालू असताना ते घेतलं तर रक्तदाब एकदम चढू शकतो. प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. बेकरीतलं जिवंत यीस्ट तर कुणीच कच्चं खाऊ नये. ते पोटात थायमिन देण्याऐवजी स्वतःच ओढून घेतं. वायू धरणं, पोट फुगणं हे तर नेहमीचंच.

शेवटी माळकऱ्यांचा प्रश्न, जो मघाशी चिठ्ठीवर आलाय: हे आम्हाला चालेल का? यीस्ट बुरशी आहे, मांस नाही, आणि वाळवलेल्या पावडरीत नशा नाही. मात्र कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्याचं असतं. वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहून घ्या. पुढं बियरच्या टाकीतलं नको वाटलं, तर तो तुमच्या मनाचा निर्णय.

त्याहून महत्त्वाचं असं, की पिढ्यान् पिढ्या शाकाहारी राहिलेल्या घरांत कमतरता पुष्कळदा असते ती बी-12 ची, आणि वरून घातलेलं नसेल तर यीस्टमध्ये ते नसतं. एवढंच नव्हे, फोलेट भरपूर मिळालं की रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण बी-12 अभावी नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. हातापायांना मुंग्या येतात, तळव्यांना गादीवर चालल्यासारखं वाटतं, तोल जातो. अशा माणसानं दुकानातून डबा आणू नये, आधी बी-12 तपासून घ्यावं. इलाज स्वस्त आहे, उशीर महाग पडतो.

घरी गेल्यावर एवढं करा. अंबाडीची भाजी उकडून तिचं आंबट पाणी आपण ओतून देतो, त्या पाण्यातून फोलेटही वाहून जातं. आंबटपणा कमी करायला अंबाडीला तसं करावंच लागतं. पण तांदुळजा, पालक, हरभऱ्याची भाजी कमी पाण्यात, झाकण ठेवून, थोडाच वेळ शिजवा. आणि तरीही डबा घ्यायचाच झाला, तर त्यावरची बारीक अक्षरं वाचा. असा डबा औषधी वापरासाठी नाही, हे कायद्यानं त्यावर छापावंच लागतं. कंपनी स्वतःच जे छापते, त्यावर तरी विश्वास ठेवूया.